नंदीच्या पायाला पाणी

नंदीचे पाय बुडाले होते, पण गळ्यातली घंटा कोरडी होती. म्हणजे जाता येत होतं.

गाडी मी ओढ्याच्या अलीकडे, उतारावर उभी केली होती. इंजिन चालू, वायपर चालू. मागे हौद्यात दोन ऑक्सिजन सिलेंडर दोरीने आवळून बांधलेले. बाजूची सीट रिकामी. कानाला फोन, आणि फोनवर आमचे नायब तहसीलदार साहेब.

"कुठवर आलात?"

"ओढ्यावर आहे, साहेब."

"पाणी किती आहे?"

"नंदीच्या घंटेच्या खाली आहे."

"हे नंदीचं काय प्रकरण आहे?"

साहेब बदलून येऊन दोनच महिने झाले होते, त्यांना काय माहीत! मी निघालो होतो त्या गावाला जायला पालमहून एकच रस्ता, आणि रस्त्यात हा ओढा. ओढ्यावर साठ-सत्तर फुटांचा फरशी पूल. पूल म्हणायचं ते आपलं मानासाठी. काँक्रीटची सपाट फरशी, खालून चार नळकांडी, कठडा नाही. पाणी वाढलं की फरशी दिसेनाशी होते. दोन्ही कडेला पांढरे खुणेचे दगड होते, ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कधीच उडवले. मग उरलं एकच माप. पलीकडच्या काठावर महादेवाचं छोटं देऊळ आहे, त्यासमोर उघड्यावर दगडी नंदी बसलेला. नंदीचे पाय बुडाले तर फरशीवर फूट-सव्वा फूट पाणी. घंटा बुडाली तर कमरेइतकं, गाडी वळवा आणि घरी जा. हे माप मला माझ्या आधीच्या ड्रायव्हरने दिलं होतं. चौदा वर्षं मी त्यावर गाडी चालवली आणि ते एकदाही चुकलं नव्हतं.

मी तहसीलच्या फोर-बाय-फोर गाडीचा ड्रायव्हर होतो. फोर-बाय-फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते. पावसाळ्यात जिथे जीप जात नाही तिथे ही जाते. त्यामुळे लोकांना वाटतं, ही कुठेही जाते. हा गैरसमज साहेब लोकांत जास्त आणि आम्हा ड्रायव्हर लोकांत सगळ्यात जास्त.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे बाबाराव म्हणून एक म्हातारे होते. पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, रिटायर होऊन गावी आले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. फुप्फुसं खराब झालेली. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं एक मशीन मिळतं, त्याची नळी नाकाला लावून ते दिवस काढायचे. मशीन विजेवर चालतं. त्या दिवशी पहाटे विजेचे खांब पडले आणि मशीन इन्व्हर्टरवर आलं. दुपारी आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेने, साहेबांना कळवलं की इन्व्हर्टर बीप करायला लागलाय, आता फार तर पाऊण तास.

"गंगाखेडहून बोट निघालीय," साहेब म्हणाले. "दोन तास लागतील."

"दोन तास नाहीत, साहेब."

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. कोतवाल दुसऱ्या गावाला गेलाय."

साहेब म्हणाले, "तुम्ही अनुभवी आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

वरिष्ठांचं हे वाक्य फार सोयीचं असतं. चांगलं झालं तर त्यांनी परवानगी दिलेली असते, वाईट झालं तर आपण निर्णय घेतलेला असतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांनी नको म्हटलं असतं तरी मी गेलो असतो. पलीकडे एकटा माणूस श्वासासाठी झगडतोय आणि आपण अलीकडे काच वर करून बसायचं, हे मला जमलं नसतं. माझी बायको त्याच्या तीन वर्षं आधी गेली होती. रात्री खोकला आला तर पाणी द्यायला कोणी नसतं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

पाण्यात गाडी घालायचा पहिला नियम असा, की आधी पायी जाऊन बघायचं. हातात लांब काठी, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. काठीने तळ चाचपत पलीकडे जायचं, खोली बघायची, फरशी खचली का बघायची, मग परत येऊन गाडीत बसायचं. दोर धरायला माणूस नसेल तर पाण्यात उतरायचंच नाही, पायीही नाही आणि गाडीनेही नाही. हा नियम मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये शिकवायचो.

माझ्याकडे काठी होती. दोर होता. दोर धरायला माणूस नव्हता. आणि समोर नंदी होता, तो चौदा वर्षांत खोटं बोलला नव्हता.

बाकी सगळं मी शिस्तीत केलं. दोन्ही काचा खाली घेतल्या. पाणी दोन्ही बाजूंनी दाबायला लागलं की दार उघडत नाही, मग काचेतूनच बाहेर पडावं लागतं. सीट बेल्ट काढला. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवला. इंजिन जरा थंड होऊ दिलं. फोर-लो टाकला. फोर-लो म्हणजे चारही चाकं चालतात, पण अगदी हळू आणि भरपूर ताकदीने. फर्स्ट गिअर. पाण्यात गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा. माणूस चालतो तेवढा वेग. गाडीपुढे पाण्याची एक छोटी लाट तयार होते, तिच्या मागोमाग जायचं. वेग वाढवला की लाट बॉनेटवर चढते. लोक पाण्यात गाडी जोरात घालतात आणि मोबाईलवर फोटो काढून घेतात. नंतर गॅरेजमध्ये रडतात.

पहिले वीस फूट ठीक गेले. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं. एवढं धरलंच होतं.

तिसाव्या फुटाला ते दारातून आत आलं. माझे बूट बुडाले. मी नंदीकडे बघितलं. घंटा कोरडीच होती. मला वाटलं, फरशी खचली असेल, पुढे वर येईल. आपली चूक मान्य करण्याआधी माणूस फरशीची चूक काढतो.

ती वर आली नाही. पाणी बंपरवर आलं, मग दिव्यांवर. आणि मग हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं.

ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कळेल. चाकाखाली रस्ता असतो तेव्हा स्टेअरिंगला वजन असतं. ते वजन गेलं की समजायचं, गाडी तरंगायला लागली. तिकडे गोदावरीला पूर होता, त्यामुळे ओढ्याचं पाणी नदीत शिरत नव्हतं, मागे फुगत होतं. त्याला आम्ही फुगवट्याचं पाणी म्हणतो. वाहतं पाणी गाडी ढकलतं, ते दिसतं. फुगवट्याचं पाणी शांत असतं, ते गाडी उचलतं. माझी गाडी मागून उचलली गेली आणि सावकाश डावीकडे फिरायला लागली. डावीकडे फरशी संपत होती आणि त्यापुढे दोन पुरुष खोल डोह होता.

मी दोन गोष्टी केल्या. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आणि पाण्याचा दाब बसण्याआधी दोन्ही दारं लाथेने उघडली.

दुसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. बुडत्या गाडीत पाणी आत घेतो का कोणी? घ्यायचं. गाडी तरंगते ती आतल्या हवेमुळे, डबा तरंगतो तशी. पाणी आत आलं की ती जड होते आणि खाली बसते. आमची बसली. मागचं डावं चाक फरशीच्या काठावर टेकलं. काठापासून हातभर आत असेल. त्यापेक्षा जास्त नव्हतं.

आणि इंजिन बंद केलं कारण इंजिन हवा पितं. बॉनेटखाली त्याचं नाक असतं. नाक बुडालं की ते पाणी पितं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग आतले पोलादी रॉड वाकतात आणि इंजिन भंगारात जातं. चालू इंजिनने पाणी पिण्याआधी ते बंद करणं हा एकच उपाय असतो.

मग सगळं शांत झालं. वायपर काचेच्या मध्येच थांबले होते. सीटवर मांडीपर्यंत पाणी. मागे वळून बघितलं तर सिलेंडरचे गळे पाण्याच्या वर होते. समोर तीस फुटांवर काठ, काठावर चिटपाखरू नाही. गाव अर्धा किलोमीटर आत. मी ओरडलो. पावसात आवाज दहा फुटांवर विरून गेला. हॉर्न दाबला तर तो आधीच गेलेला.

फोन काढला. पिशवीतूनच नावं चाळली. साहेब. मोठे साहेब. तहसील ऑफिस. गॅरेज. पंप. डबेवाल्या मावशी. मुलगी, ती नाशिकला. चौदा वर्षं मी या गावात येत होतो. निवडणुका, पंचनामे, पाहण्या, सगळ्याला. या गावातल्या एकाही माणसाचा नंबर माझ्याकडे नव्हता.

त्या क्षणी पाण्याची भीती वाटली त्यापेक्षा ह्या गोष्टीचं वाईट जास्त वाटलं. मला रडू आलं, आणि मी रडलो. बघायला कोणी नव्हतंच.

मग साहेबांना फोन लावला.

"साहेब, गाडी मध्ये अडकली. गावात कळवा. ट्रॅक्टरची ट्यूब आणि दोर घेऊन या म्हणावं."

"स्टार्ट मारून बघा ना एकदा!"

"नाही मारणार, साहेब."

"एकदा प्रयत्न तर करा."

"इंजिनात पाणी गेलं असेल तर पहिल्या स्टार्टलाच संपेल. गावात कळवा, साहेब."

साहेबांनी कळवलं. बरोबर बारा मिनिटं लागली. घड्याळ बघण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं. तेवढ्यात पाणी बोटभर वाढलं.

सगळ्यात आधी काठावर आले ते आप्पा. देवळाची पूजा त्यांच्या घराण्याकडे, आणि देवळाशेजारी त्यांचं चहाचं हॉटेल, त्या दिवशी पावसामुळे बंद. त्यांना मी ओळखत होतो, म्हणजे गाडीच्या काचेतून ओळखत होतो. गळ्यात लिंग, डोक्यावर गोणपाटाची खोळ. मागून सात-आठ माणसं आणि फुगवलेली ट्यूब.

"अहो ड्रायव्हरसाहेब!" आप्पा ओरडले. "काय करायलात तिथं? दिसत न्हाई का पाणी?"

"नंदीच्या पायालाच होतं की!"

आप्पांनी कपाळावर हात मारला. "अहो, नंदी आमी वर घेतला की! शिवरातीच्या आधी! दोन फूट चौथरा बांधला खालून!"

मी नंदीकडे बघितलं. गढूळ पाणी. चौथरा दिसत नव्हता. दिसणारही नव्हता. उन्हाळ्यात मी दोनदा त्याच पुलावरून गेलो होतो. तेव्हा ओढा कोरडा होता, चौथरा चांगला टाइल लावलेला असणार. पण कोरड्या ओढ्यात नंदीकडे कोण बघतं? मी फक्त पाणी आलं की त्याच्याकडे बघायचो.

"सांगायचं तरी कुणी!" मी चिडून ओरडलो. तशा परिस्थितीतही मी चिडलो, हे लिहिताना लाज वाटते.

"सगळ्याला सांगितलंय. एस्टीच्या ड्रायव्हरला सांगितलं, दुधाच्या गाडीवाल्याला सांगितलं. चहाला थांबतेत, त्याला सांगितलं." आप्पा दोर सोडता सोडता बोलत होते. "तुमी गाडीतून उतरतच न्हाईत. तुमाला कुटं सांगावं?"

खरं होतं. साहेब लोक पारावर बसायचे, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. मी स्टेअरिंगवर बसून डबा खायचो. कोणी बोलवायला आलं तर हात हलवून नको म्हणायचो. सुरुवातीला मान राखून दूर राहायचो, नंतर सवय झाली, बायको गेल्यावर तर बोलणंच नको वाटायचं. लोकांनीही मग बोलवायचं सोडलं. त्यांनी काय म्हणून मागे लागावं?

दोराचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं टोक कमरेला बांधून एक गडी ट्यूबवर पालथा पडून गाडीपर्यंत आला. मी दारातून बाहेर निघून हौद्यात गेलो. पहिला सिलेंडर ट्यूबवर बांधला.

"आदी तुमी चला," गडी म्हणाला.

"आधी हा जाऊ दे."

"अहो, पाणी वाढायलंय."

"म्हणूनच म्हणतो."

पहिला सिलेंडर गेला. दुसऱ्या फेरीला दुसरा. तिसऱ्या फेरीला मी. मी काठावर पाय टेकला. आप्पांनी माझा दंड धरला, तो बाबारावांच्या घरापर्यंत सोडला नाही.

इन्व्हर्टर आठ-दहा मिनिटांपूर्वीच बंद पडला होता. बाबारावांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. आशाताई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. म्हाताऱ्याचे ओठ जांभळे झाले होते, आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. सिलेंडर उघडायची रीत मला दवाखान्यातल्या कंपाउंडरने निघताना दाखवली होती. हाताला किल्ली लागेना. आशाताईंनी माझ्या हातातून ती घेतली, "सरा बाजूला" म्हणाल्या, आणि दोन आट्यांत गॅस सुरू केला.

मास्क लागला. आम्ही सगळे त्या मास्ककडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली असतील. ओठांचा रंग बदलला. बाबारावांनी डोळे उघडले, खोलीभर माणसं बघितली, आणि त्यातला चिखलाने माखलेला अनोळखी माणूस बघून मास्क वर केला.

"हे कोण?"

"बोलू नका, बाबा," आशाताई म्हणाल्या.

"तहसीलचा ड्रायव्हर आहे," मी म्हणालो. "सिलेंडर आणलाय."

"गाडी कुटंय?"

"ओढ्यात."

ते हसले. हसताना खोकला आला, आशाताईंनी मास्क दाबून बसवला, तरी त्यांनी तो पुन्हा बाजूला केला.

"एकलेच आलात?"

"हो."

"आमी गँगमदी एकल्याला कधी पुलावर सोडत नव्हताव," बाबाराव म्हणाले. "मुकादम लय शिव्या द्यायचा. एक गडी काम करील, दुसरा नुसता उभा राहील. उभा राहायचाबी पगार हाय, म्हणायचा."

मग आशाताईंनी त्यांचं काही चालू दिलं नाही.

बोट संध्याकाळी आली. बाबारावांना तिच्यातून पलीकडे आणि पुढे परभणीला नेलं. ते वाचले. मी मात्र पाणी उतरेपर्यंत दोन दिवस गावातच राहिलो, कारण गाडी सोडून जाता येत नव्हतं. आप्पांच्या घरी जेवलो. एवढ्या माणसांत बसून जेवायची सवय नव्हती, पहिल्या रात्री घास उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या सूनबाईंनी विचारलं, "दादा, भाकर गोड लागली न्हाई का?" आणि माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं पिठल्यात मिरची जास्त झाली.

गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली. स्टार्ट न मारता टो करून गॅरेजला नेली. इंजिन उघडलं, तेल बदललं, सीटा वाळवल्या. रॉड सरळ होते. मेकॅनिक म्हणाला, वेळेत बंद केली म्हणून वाचली. माझ्या चौदा वर्षांच्या अनुभवाचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला.

महिन्याभराने खुलासा मागवण्यात आला. खुलासा म्हणजे कागदावर विचारलेले प्रश्न आणि कागदावर दिलेली उत्तरं. प्रश्न होता, पाण्यात वाहन घालण्यापूर्वी काठीने खोली का तपासली नाही?

मी लिहिलं, "एकटा होतो."

साहेबांनी कागद वाचला. माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "एकटा होतो, हे कारण होत नाही हो. फाईलला चालत नाही. असं लिहा, नंदीची उंची वाढवल्याची माहिती नव्हती."

"आणि माहिती का नव्हती, असं वरून विचारलं तर?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तर मग बघू," म्हणाले.

मी दुसरा कागद घेतला आणि ते सांगतील तसं लिहून सही केली. नोकरीत असेपर्यंत पुढची तीन वर्षं ट्रेनिंगला येणाऱ्या पोरांना मी तोच जुना नियम शिकवत राहिलो, फक्त त्याला एक शेपूट जोडलं. पाण्यात उतरण्याआधी काठी घ्या, दोर घ्या, काठावर माणूस ठेवा. आणि ज्या गावाला जाता तिथे पाणी नसेल तेव्हाही गाडीतून उतरा, चहा घ्या. पोरांना वाटायचं, म्हातारा गंमत करतोय.

माहिती का नव्हती, हे वरून कोणी कधी विचारलं नाही. म्हणून इथे लिहिलं.